धीर, वाट आणि धरणे : सतराव्या शतकातील प्रतीक्षेचा एक शब्दार्थविचार

१

मराठी संतवाङ्मयाच्या ऐतिहासिक मूल्यमापनात एक वाद विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात संतांच्या कार्यास राजकीय उत्थानाच्या पूर्वपीठिकेचे स्थान दिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना हे मत मान्य नव्हते. वारकरी संतांची शिकवण ‘सहिष्णू’ आणि रामदासांची ‘जयिष्णू’ असा भेद त्यांनी केला, आणि सहिष्णुतेने समाज पंगू झाला, असा निष्कर्ष काढला. पुढे गं. बा. सरदार यांनी ‘संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ या १९५० सालच्या ग्रंथात या प्रश्नाची सामाजिक अंगाने फेरतपासणी केली. तथापि राजवाड्यांच्या भेदामागे जे एक गृहीत आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. ते गृहीत असे की, सहन करणे व शौर्य दाखविणे या दोन भिन्न, किंबहुना परस्परविरोधी, वृत्ती होत. जो ईश्वराची वाट पाहत बसतो तो धाडस करीत नाही, आणि जो धाडस करतो तो वाट पाहत नाही.

हे गृहीत सतराव्या शतकातील मराठी माणसाच्या भाषेस लागू पडते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. संकटकाळी ईश्वराची प्रतीक्षा करणे म्हणजे नेमके काय करणे, याचे उत्तर त्या काळच्या मराठीने तीन शब्दांत साठविले आहे : धीर, वाट आणि धरणे. या शब्दांचा विचार एका विशिष्ट काळाच्या व एका विशिष्ट व्यक्तीच्या संदर्भात केला असता तो अधिक फलदायी होतो. तो काळ म्हणजे १६३० ते १६३२ या वर्षांचा दुष्काळ, आणि ती व्यक्ती म्हणजे देहूचे तुकाराम.

२

प्रथम काळाचा विचार. १६३० साली दक्षिणेत व गुजरातेत पाऊस पडला नाही. पुढील दोन वर्षांतही परिस्थिती सावरली नाही. गुजरातेत हा दुष्काळ विक्रम संवत १६८७ वरून ‘सत्याशियो’ या नावाने लोकस्मृतीत राहिला. शाहजहान त्या वेळी खानजहान लोदीच्या बंडाचा बीमोड करण्यासाठी बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. तेथेच जून १६३१ मध्ये मुमताज महल मरण पावली. अब्दुल हमीद लाहोरी याने ‘पादशाहनाम्या’त या दुष्काळाचे जे वर्णन केले आहे ते अत्यंत भीषण आहे. बादशहाने अन्नछत्रे उघडली. बऱ्हाणपुरास दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवड्यांत एक लक्ष रुपये वाटण्यात आले, अहमदाबादेस पन्नास हजार देण्यात आले आणि खालसा मुलखातील सुमारे सत्तर लक्ष रुपयांचा महसूल माफ झाला, असे तो नमूद करतो. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्ऱ्यास निघाला. वाटेवरच्या गावांच्या वेशीबाहेर पडलेल्या प्रेतांची त्याने नोंद केली आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. लाहोरीने नोंदविलेली मदत प्रामुख्याने मोगली अमलाखालील शहरांतली होती. भीमा-इंद्रायणीच्या खोऱ्याची स्थिती निराळी होती. हा प्रदेश निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या ओढाताणीत सापडला होता. जुलै १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांचा दौलताबादेस वध झाला. त्यानंतर शहाजी काही काळ मोगलांकडे गेले. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरविल्याची आठवण मराठी परंपरेने जपली आहे. म्हणजे ज्या वर्षी आकाशाने दगा दिला त्याच वर्षी दाद मागावी असा धनीही उरला नाही. मराठी महसुली कागदांत ‘अस्मानी-सुलतानी’ हा जो जोडशब्द रूढ होता, त्याचा अर्थ या वर्षांत शब्दशः अनुभवास आला. आभाळाने आणलेले संकट व राज्यकर्त्याने आणलेले संकट ही दोन्ही एकाच शब्दाच्या मुठीत आली.

३

तुकारामांचा जन्म शके १५३० (इ. स. १६०८) हा मानल्यास दुष्काळाच्या आरंभी त्यांचे वय बावीस वर्षांच्या आसपास येते. घराणे वाण्याचा व्यवसाय करणारे, सावकारी असलेले, गावात महाजनकीचा मान असलेले होते. त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगात या काळाचा जो वृत्तान्त आहे तो थोडक्यात असा : आईबाप गेले, दुष्काळाने द्रव्य आटले व त्याबरोबर मानही गेला, एक पत्नी अन्न अन्न करीत मरण पावली, व्यवसायात तूट येत गेली व या दुःखाने जीव लाजला. त्यानंतरचे पाऊल मात्र अनपेक्षित आहे. भंगलेले देऊळ दुरुस्त करावे असे त्यांच्या मनात आले, आणि मग एकादशीस कीर्तन करणे, संतांची वचने पाठ करणे, कीर्तनात पुढे गाणाऱ्याचे ध्रुपद मागून धरणे, असा क्रम सुरू झाला.

या वृत्तान्तात ईश्वराने काही केल्याचा उल्लेख बराच काळ येत नाही. कोणताही साक्षात्कार दुष्काळास आडवा येत नाही. जे घडते ते माणसाच्या हातून घडते, आणि तेही लहान लहान. भिंत बांधणे, पाठांतर, दुसऱ्याच्या सुरात सूर मिळविणे. वडिलोपार्जित कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची खते तुकारामांनी इंद्रायणीत बुडविली, ही चरित्रकथा महिपतीने अठराव्या शतकात सांगितली आहे. तिचा तपशील बाजूस ठेवला तरी दुष्काळानंतर ऋणकोंकडून येणे वसूल न करण्याचा निर्णय हा त्या काळच्या गावगाड्यात मोठ्या धाडसाचा होता, यात संशय नाही. सहन करणाऱ्या माणसाने केलेले हे धाडस होते.

४

आता शब्दांकडे वळू. मराठी ‘धीर’ या नामाचा विस्तार पाहण्यासारखा आहे. संस्कृतात ‘धीर’ हे मुख्यतः विशेषण आहे, आणि त्यात ‘धी’शी संबद्ध असा ‘विचारी’ हा अर्थ व ‘स्थिर, दृढ’ हा अर्थ असे दोन प्रवाह मिसळले आहेत. मराठीने त्याचे नाम केले. ‘त्याला धीर नाही’ असे म्हटले तर तो उतावीळ आहे, असा अर्थ होतो. ‘पुढे जाण्याचा त्याला धीर होत नाही’ असे म्हटले तर तो भितो, असा अर्थ होतो. ‘धीर धर’ या दोन शब्दांत थांबण्याचा उपदेश आहे की न भिण्याचा, हे संदर्भावाचून सांगता येत नाही. बहुधा दोन्ही असतात. ‘धीर सुटला’, ‘धीर खचला’, ‘धीर दिला’, ‘धीर चेपला’ या सर्व प्रयोगांत धैर्य आणि सबुरी यांची सीमारेषा अस्पष्ट राहते.

मराठीपाशी या दोन अर्थांसाठी वेगळे शब्द नव्हते असे नाही. फारसीच्या द्वारे आलेल्या अरबी शब्दांनी ‘हिंमत’ आणि ‘सबूर’ अशी स्वतंत्र नावे पुरविली होती, आणि ती दरबारी मराठीत व पुढे बोलीतही रुळली. रामदासांच्या लेखनातील ‘धारिष्ट’ हा शब्द संस्कृत ‘धार्ष्ट्य’ याच्याशी, म्हणजे धाडस दाखविणारा ‘धृष्’ धातू याच्याशी, नाते सांगतो. त्यात थांबण्याचा अर्थ गौण आहे. असे असूनही ‘धीर’ या शब्दाची दुहेरी सत्ता कमी झाली नाही. पर्याय उपलब्ध असताना एखादी भाषा दोन अर्थ एकाच शब्दात ठेवते, तेव्हा ते दोन अर्थ बोलणाऱ्यांच्या अनुभवात एकमेकांपासून फारसे दूर नसतात, असे अनुमान करण्यास हरकत नाही. राजवाड्यांनी केलेला भेद ‘हिंमत’ व ‘सबूर’ या जोडीवर नीट बसतो. ‘धीर’ या शब्दावर तो बसत नाही.

सर्व प्रकारचे धरून ठेवणे सारखेच हितकारक असते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांपैकी तामस धृती ती, की जिच्या योगे मनुष्य निद्रा, भय, शोक, विषाद व मद सोडीत नाही. हे वर्गीकरण ज्ञानेश्वरीमुळे (शके १२१२) मराठी श्रोत्यांच्या परिचयाचे झाले होते. दुःखाला चिकटून राहणे हीसुद्धा एक प्रकारची चिकाटीच आहे, हे त्यात मान्य केले आहे. पण तिला धैर्य म्हणण्यास नकार दिला आहे. वर सांगितलेल्या आत्मवृत्तान्तात लाज व शोक यांपासून देवळाच्या डागडुजीकडे जे वळण आहे, ते या भेदाचे प्रत्यक्ष उदाहरण होय.

५

दुसरा शब्द ‘वाट’. तो संस्कृत ‘वर्त्मन्’ व प्राकृत ‘वट्ट’ यांच्याद्वारे आला. प्रतीक्षेसाठी मराठीत ‘वाट पाहणे’ हा प्रयोग आहे. गुजरातीत ‘वाट जोवी’, हिंदीत ‘बाट जोहना’ किंवा ‘राह देखना’ हे प्रयोग त्याच जातीचे. संस्कृत ‘प्रतीक्षा’ या शब्दातही ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हाच धातू आहे. ‘थांबणे’ हा शब्द निराळ्या कुळातला आहे. त्याचे मूळ ‘स्तम्भ’ या शब्दात आहे, आणि त्यात गती बंद पडण्याचा अर्थ प्रधान आहे. थांबणाऱ्याचे पाय स्थिर असतात. वाट पाहणाऱ्याचे डोळे कामात असतात. कोणी यावयाचा आहे व तो या रस्त्याने यावयाचा आहे, हा विश्वास ‘वाट पाहणे’ या प्रयोगात गर्भित आहे.

वारकरी संप्रदायात या प्रयोगाचा वाच्यार्थ कधी लोपला नाही. ज्ञानदेवांच्या नावावरील विराण्यांत कावळ्याच्या शकुनाकडे कान लावून बसलेली विरहिणी आहे. तुकारामांच्या गाथेतही विराण्यांचा स्वतंत्र गट आहे. परंतु याहून अधिक बोलका पुरावा पत्रिकेच्या अभंगांचा आहे. आजारपणामुळे वारीस जाता न आल्याने तुकारामांनी वारकऱ्यांबरोबर पंढरीनाथास पत्र पाठविले, अशी परंपरा आहे, आणि गाथेत या पत्राचे अभंग एकत्र दिलेले आढळतात. पत्र पाठविणाऱ्यास उत्तराची वाट पाहावी लागते, आणि उत्तर येणार ते परतणाऱ्या वारकऱ्यांच्या मुखाने. येथे ईश्वराची प्रतीक्षा व माणसांची प्रतीक्षा एकाच रस्त्यावर येऊन मिळते. त्याआधी एकनाथांनी (निधन १५९९) आपल्या ‘अर्जदस्त’ या रूपकात दरबारी विनंतीपत्राचा साचा ईश्वराकडे दाद मागण्यासाठी वापरलाच होता. शासनाकडे केलेले अर्ज निरुत्तर राहण्याच्या काळात अर्जाचाच नमुना देवाकडे वळविला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यात शरणागती आहे, तशीच उत्तर मिळण्याच्या हक्काची जाणीवही आहे.

६

हा हक्क तिसऱ्या शब्दात सर्वांत स्पष्ट होतो. गाथेतील त्याच आत्मचरित्रपर अभंगात पुढे असे सांगितले आहे की, कवित्वास प्रतिबंध झाला, मन दुखावले, वह्या बुडविल्या व ‘धरणे’ घेतले. आणि मग नारायणाने समाधान केले. शूद्राने वेदार्थ बोलू नये, हा आक्षेप वाघोलीच्या रामेश्वर भटांचा होता, असे परंपरा सांगते. उपवासाच्या तेरा दिवसांचा उल्लेख तुकारामांच्या अभंगांत आहे, व बहिणाबाईंच्या (१६२८-१७००) रचनेतही आहे. वह्या पाण्यावर तरल्या की नाही, हा प्रश्न इतिहासाच्या साधनांनी सुटणारा नाही, आणि येथे तो सोडविण्याचे प्रयोजनही नाही. अभ्यासाचा विषय आहे तो ‘धरणे’ या शब्दाची निवड.

धरणे ही व्यवहारातील एक सुपरिचित पद्धत होती. येणे वसूल होत नसेल तर धनको ऋणकोच्या दाराशी अन्नपाणी सोडून बसे. टी. डी. ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत असताना लिहिलेल्या पत्रांत या पद्धतीचे वर्णन केले आहे. धरणे धरणारा जोवर उपाशी आहे तोवर ज्याच्यावर धरणे धरले त्यानेही जेवू नये, असा संकेत त्यात नमूद आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने ही चाल गुन्ह्यात मोडली. तिच्या ५०८ व्या कलमाखालील उदाहरणात ‘धरणे’ हा देशी शब्दच वापरावा लागला. सारांश, धरणे म्हणजे हातात शस्त्र न घेता, पण दावाही न सोडता, दुसऱ्याच्या दाराशी वाट पाहणे. ‘धृ’ या धातूपासून आलेले हे क्रियापद ‘धीर धरणे’ या प्रयोगातही आहे. ज्याने धीर धरला आणि ज्याने धरणे धरले, त्या दोघांची क्रिया भाषेच्या दृष्टीने एकच आहे.

वाण्याच्या कुळात वाढलेल्या माणसास या पद्धतीची दोन्ही बाजूंनी माहिती असणार. ज्याने माणसांवरचे येणे सोडून दिले, त्याने देवावर धरणे धरले, हा क्रम अर्थपूर्ण आहे. दुष्काळाने पिचलेल्या कुळांच्या दारी बसण्याचा हक्क त्याने वापरला नाही; जो देणे देण्यास समर्थ आहे त्याच्याच दारी तो बसला. प्रतीक्षा ही दुर्बळाची असहायता आहे, असे म्हणणाऱ्यास या क्रमाचा उलगडा करता येणार नाही.

त्याहून महत्त्वाचे ते पुढे आहे. धरणे फळास आल्यावर गाथेत विजयाचा सूर उमटत नाही. उलट, लोकांच्या बोलण्यावरून आपण देवास संकटात घातले, त्याचा अंत पाहिला, याबद्दल पश्चात्ताप व्यक्त करणारे अभंग तेथे आहेत. ‘वाट पाहणे’ आणि ‘अंत पाहणे’ या दोन प्रयोगांत क्रियापद एकच आहे; फरक कर्माचा आहे. वाट पाहणाऱ्याची दृष्टी येणाऱ्यावर असते, अंत पाहणाऱ्याची त्याच्या सहनशक्तीवर. पहिलीतून दुसरी केव्हा सुरू होते, हे उत्कट प्रतीक्षेत कळत नाही, आणि ते कळल्यावर मान्य करण्यासही धीर लागतो. धैर्य व सबुरी यांचा असा परस्पर अंकुश या अभंगांत दिसतो. सबुरीवाचून धाडस हट्टाकडे जाते, आणि धाडसावाचून सबुरी त्या तामस धृतीकडे.

७

या विवेचनास एक आक्षेप संभवतो. शब्दांवरून व एका व्यक्तीच्या उदाहरणावरून समाजाच्या वृत्तीविषयी अनुमान कितपत काढावे? आक्षेप योग्य आहे. दुष्काळात मरण पावलेल्या असंख्य माणसांनी धीर धरला होता की नाही, हे कोणत्याही गाथेवरून कळणार नाही, आणि धीर धरल्याने ती वाचली असती असेही नाही. संतवचनांनी धान्य पिकत नाही. परंतु जी माणसे उरली त्यांनी काय उभे केले, हे पाहता येते. तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत घालून पंढरीस नेण्याचा प्रघात सुरू केला, असे मानले जाते. दख्खनवर औरंगजेबाची स्वारी चालू असतानाचा हा काळ आहे. वाट पाहण्याचे रूपांतर येथे वाट चालण्यात झाले, आणि ते सामुदायिक झाले. राजवाड्यांनी जयिष्णू मानलेल्या रामदासांनी ‘करुणाष्टके’ लिहिली, आणि ज्या वारकऱ्यांस त्यांनी सहिष्णू ठरविले त्यांनी युद्धकाळात रस्ते चालते ठेवले. हे दोन गट शब्दांत दिसतात तितके एकमेकांपासून दूर नव्हते.

या संप्रदायाच्या मूळकथेतच या प्रश्नाचे एक उत्तर आहे. पुंडलीक आईबापांच्या सेवेत असताना देव दाराशी आला. पुंडलिकाने त्याच्यापुढे वीट टाकली व उभे राहावयास सांगितले. देव उभा राहिला तो आजतागायत. या कथेत वाट पाहणारा भक्त नसून देव आहे, आणि त्याला थांबविणारे कारण म्हणजे हातातले काम अर्धवट टाकता येत नाही हे. ज्या श्रोत्यांनी ही कथा लहानपणापासून ऐकली होती, त्यांना प्रतीक्षा ही एकतर्फी वाटण्याचे कारण नव्हते. आपण देवाच्या दारी बसलो आहोत तसा देवही आपल्या दारी उभा आहे, ही समजूत असणाऱ्यास चिंतेच्या काळात दोन गोष्टी शक्य होतात. हातातले काम तो सोडत नाही, आणि वाटेवरची नजरही काढत नाही. सतराव्या शतकातील मराठीने या दोहोंस मिळून ‘धीर’ हे एकच नाव ठेवले होते.